विजोड

मराठीत ‘विजोड’ आणि ‘बेजोड’ असे दोन सख्खे भाऊ आहेत. दोघांचा मूळ अर्थ एकच, ज्याला जोड नाही तो. तरी एकाला शाल-श्रीफळ मिळतं आणि दुसऱ्याला दारातूनच परत पाठवतात. नटाचा अभिनय बेजोड असतो. त्याच नटाने भरजरी शेरवानीखाली रबरी चपला घातल्या की ते विजोड. मांडवात ‘जोडपं बेजोड आहे हो’ म्हणणाऱ्या मावशीला पंगतीत जिलबीचा आग्रह होतो. तिने घाईत पहिलं अक्षर चुकवलं तर दोन घरांचं जाणंयेणं पुढची वीस वर्षं बंद. खरं तर तक्रार करायची तर या शब्दांच्या घडणीबद्दल करावी. ‘जोड’ हा घरचा, रोजच्या वापरातला शब्द. एकदा त्याच्याशी संस्कृतातल्या ‘वि’ने सोयरीक केली, एकदा फारसीतल्या ‘बे’ने. म्हणजे कुळ-मूळ पाहू जाता ‘बेजोड’ हाच अधिक विजोड शब्द, आणि मिश्रविवाह असूनही त्याचाच संसार सुखाचा झाला. ‘वि’चं वागणं तर आणखी अजब. विख्यात, विशेष, विजय या शब्दांत ते छाती काढून चालतं आणि वियोग, विसंगत, विद्रूप या शब्दांत तोंड पाडून बसतं. त्याने मनात आणलं असतं तर ‘विजोड’चा अर्थ ‘विशेष चांगली जोड’ असा झाला असता. आणलं नाही.

जिच्या अभावाचा एवढा बोभाटा, ती जोड म्हणजे तरी काय? साधारण समज असा की जुळणारं म्हणजे सारखं. हा समज देवळाबाहेरच्या चपलांच्या ढिगापाशी टिकत नाही. ‘जोडा’ या शब्दाचे मराठीत दोन ठळक अर्थ आहेत, एक नवराबायको आणि दुसरा पादत्राण. (दोन्ही कुठे आणि कसे चावतात यावर पुष्कळ लिहून झालं आहे, इथे तो विषय नाही.) पायातल्या जोड्यात डावा आणि उजवा कधीच सारखे नसतात, एक दुसऱ्याच्या बरोबर उलटा असतो. घाईत निघालेला भक्त एकाच मापाचे, एकाच रंगाचे दोन डावे जोडे घालून घरी पोचला, तर ते जोडे तंतोतंत सारखे असतात आणि म्हणूनच विजोड असतात. आखाड्यात तर जोड म्हणजे चक्क प्रतिस्पर्धी. जत्रेच्या फडात जोड लावतात ती एकाने दुसऱ्याची पाठ मातीला लावावी म्हणून. ‘या पैलवानाला जोड नाही’ याचा अर्थ त्याला कोणी मित्र नाही असा होत नाही. त्याला लोळवण्याच्या लायकीचं कोणी नाही, असा होतो. तेव्हा सारखेपणा ही जोडीची अट नव्हे आणि प्रेम तर नव्हेच नव्हे. अट इतकीच की कुणातरी तिसऱ्याने दोघांना एकत्र पाहून मान डोलवावी. चपलांच्या बाबतीत हा तिसरा म्हणजे पाय, कुस्तीत पंच आणि लग्नात अख्खी आळी. ‘विजोड’ हा शब्द दोन वस्तूंची माहिती देतो असं आपण धरून चालतो. तो माहिती देतो ती या तिसऱ्याची. हे तपासून पाहायला गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिऱ्याच्या जंगलाइतकी सोयीची जागा नाही. तिथे विजोडांची दाटी आहे, आणि तिसरा माणूस तिकीट काढून ठरलेल्या वेळेपुरताच आत येतो.

पण जंगलात शिरण्यापूर्वी एका आकड्याशी हिशेब पुरा केला पाहिजे. देवनागरीत तीन आणि सहा एकमेकांकडे पाठ करून बसतात, म्हणून ज्यांचं पटत नाही त्यांचा छत्तीसचा आकडा. चित्र इतकं बोलकं आहे की निरक्षर माणसालाही भांडण दिसावं. आता हाच आकडा पत्रिका जुळवताना गुरुजींच्या तोंडून निघाला तर मुलीच्या आईचे डोळे पाणावतात. अष्टकूटात वर्णाचा एक गुण, वश्याचे दोन, ताऱ्याचे तीन, असं चढत नाडीच्या आठांपर्यंत गेलं की एक ते आठची बेरीज छत्तीस होते. छत्तीसपैकी छत्तीस म्हणजे साक्षात लक्ष्मीनारायणाचा जोडा. भांडणाची परमावधी छत्तीस आणि जुळण्याचीही परमावधी छत्तीस. फरक एवढाच की पहिला आकडा शेजारीण मोजते आणि दुसरा गुरुजी. गोंदिया जिल्हा पूर्वेला ज्या राज्याला टेकला आहे त्याचं तर नावच छत्तीसगड, आणि नाव असं असूनही सीमेच्या दोन्ही बाजूंच्या गावांत सोयरिकी चालतात.

या अष्टकूटातलं चौथं कूट म्हणजे योनी, त्याला चार गुण. प्रत्येक नक्षत्राच्या वाट्याला एक प्राणी येतो, असे एकूण चौदा, आणि त्यांच्या वैराच्या जोड्या ठरलेल्या आहेत: गाय आणि वाघ, कुत्रा आणि हरीण, साप आणि मुंगूस, मांजर आणि उंदीर, घोडा आणि रेडा, हत्ती आणि सिंह, वानर आणि मेंढा. शत्रुयोनी निघाली की चारपैकी शून्य. आता ही यादी हातात धरून नागझिऱ्याच्या फाटकातून आत चला. रानगवा आहे आणि वाघ आहे, शून्य. रानकुत्र्यांच्या टोळ्या आहेत आणि चितळांचे कळप आहेत, शून्य. नाग तर जागेच्या नावातच बसला आहे आणि मुंगूसही त्याच गवतातून फिरतो, पुन्हा शून्य. कडक गुरुजींनी हे स्थळ पहिल्याच बैठकीत मोडलं असतं. सरकारने मात्र पत्रिका न पाहता १९७० साली याला अभयारण्य केलं आणि डिसेंबर २०१३ मध्ये नवेगावशी गाठ मारून नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प जाहीर केला. जंगल शून्य गुणांवर उत्तम नांदतं आहे. याचं कारण शोधायला लांब जायला नको. यादीत ज्याला वैर म्हटलं आहे तिथेच आखाड्यातली जोड सर्वांत नेटकी बसली आहे. चितळाचे कान इतके तिखट का आणि वाघाचा पंजा इतका मऊ पडतो का, याचं उत्तर एकट्या चितळाकडे नाही आणि एकट्या वाघाकडेही नाही. हजारो पिढ्या दोघांनी एकमेकांना तासून तासून घडवलं आहे. इतका जुना संसार आपल्यात सहसा सापडत नाही.

उलट वानर आणि हरीण यांची गोष्ट पाहा. गुरुजींच्या यादीला वानराच्या बाबतीत फक्त मेंढ्याची काळजी. पण जंगलात वानर झाडावर बसून पाला ओरबाडतं, अर्धा खातं, अर्धा खाली टाकतं, आणि खाली चितळ तो निमूटपणे, किंबहुना आवडीने, वेचून खातं. वानराला उंचावरून लांबचं दिसतं, चितळाला जमिनीवर वास लवकर लागतो. एकाने इशारा दिला की दुसऱ्याला कळतो, भाषा वेगळी असूनही. वरच्या मजल्यावरच्याने रोज कचरा खाली टाकायचा आणि तळमजल्यावरच्याने त्याबद्दल कृतज्ञ राहायचं, ही व्यवस्था मुंबईतल्या कोणत्याही सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडून पाहा. ‘विजोड’ हा त्या सभेत वापरला गेलेला सर्वांत सौम्य शब्द असेल.

रंगांच्या बाबतीत तर हा शब्द सर्रास वापरला जातो आणि सर्रास फसतो. केशरी अंगावर काळे पट्टे, पांढरं पोट, मागे हिरवं रान. कपड्यांच्या दुकानात हा मेळ कुणी मांडला तर मालक म्हणेल, साहेब, भडक होतंय. आपल्याला तो भडक दिसतो कारण आपला डोळा लाल आणि हिरवा वेगळा करतो. हरणाच्या डोळ्याला तो भेद कळत नाही, त्यामुळे आपला नारंगी वाघ त्याच्या लेखी हिरवट झुडपातलं आणखी एक हिरवट झुडूप असतं, पट्टे म्हणजे गवताच्या सावल्या. म्हणजे एकच वाघ, त्याच जागी, त्याच क्षणी जीपमधल्या माणसाला विजोड दिसतो आणि समोरच्या चितळाला इतका जुळलेला दिसतो की जीव जावा. आता सांगा, विजोडपणा वाघाच्या कातडीत आहे की बघणाऱ्याच्या डोळ्यात? फाल्गुनात पळस फुलतो तेव्हा निष्पर्ण जंगलात तो पेटल्यासारखा दिसतो. त्याला कुणी ‘रंग जरा उतरवा’ म्हणत नाही. त्याच रंगाचा सदरा घालून आलेल्या पाहुण्याला मात्र जंगलात मंद, मातकट कपडे घालावेत अशी सूचना असते. सूचनेत तथ्य आहे, कारण पक्ष्यांना आणि वानरांना रंग चांगले ओळखता येतात. पण तिचं पालन आपण ज्या भक्तिभावाने करतो त्याला तोड नाही. डोक्यापासून पायापर्यंत लष्करी ठिपक्याठिपक्यांचे कपडे, टोपीलाही तोच छाप, आणि एवढा अदृश्य झालेला माणूस उघड्या गाडीत आणखी पाच अदृश्य माणसांसह उभा राहून, इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून विचारतो, ‘कुठंय? कुठंय?’ या दृश्याला काय म्हणायचं ते वानरांनी ठरवावं, ती सगळ्यांत उंच जागेवर बसलेली असतात.

आपल्या म्हणींनीही इथे घाईच केली आहे. ज्यांचं जमत नाही त्यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य असं आपण उपरोधाने म्हणतो. ते भोपळ्याच्या बाजूने खरं आहे. विळ्याच्या बाजूने पाहिलं तर त्याचं आयुष्य भोपळ्यावाचून फुकट. आणि ज्याच्या ताटात भरीत पडलं आहे, त्याच्या मते इतकी अनुरूप जोडी शोधूनही सापडायची नाही.

यावर पहिला आक्षेप वकील मंडळींकडून येईल. ते म्हणतील, साक्षीदार सकाळी सांगतो मी घरी होतो आणि दुपारी सांगतो मी शेतात होतो. ही विसंगती काय बघणाऱ्याच्या डोळ्यात आहे? नाही, हे मान्य केलं पाहिजे. दोन विधानं एकाच वेळी खरी असू शकत नसतील, तर तिथे विसंगती आहेच, मग ती न्यायाधीशांना दिसो वा न दिसो. त्या जागी हा शब्द आपला पगार प्रामाणिकपणे कमावतो. पण त्यासाठी दोन्ही विधानांचा दावा एकाच तोंडातून यावा लागतो. पडदे आणि सोफा, शेरवानी आणि रबरी चपला यांनी कसलाच दावा केलेला नसतो. ते बिचारे गप्प असतात, आणि आपण मात्र त्यांची उलटतपासणी घेऊन त्यांच्या जबाबात विसंगती काढतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. विजोडपणा नुसता नजरेचा असेल, तर म्हाताऱ्याशी लावून दिलेल्या पोरीचं काय? देवलांचं ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आलं ते याच विजोड लग्नावर. शारदेच्या नियोजित नवऱ्याचं नावही भुजंगनाथ, म्हणजे नागझिऱ्यातल्या नागाशी नातं सांगणारं. नजरेवर सगळं सोपवलं की भुजंगनाथ सुटतो, असं कुणी म्हणेल. पण नीट पाहिलं तर हे नाटक माझ्याच बाजूने साक्ष देतं. शारदेचा प्रश्न केस पांढरे आणि शालू हिरवा असा रंगसंगतीचा नव्हता. तिला कुणी विचारलं नव्हतं आणि बापाला पैसे हवे होते. त्याला अन्याय म्हणतात. विजोड हा त्याच्यावर घातलेला सभ्य शेला आहे. आणि त्या काळच्या आळीला, म्हणजे आपल्या तिसऱ्याला, असल्या लग्नांत खटकण्यासारखं फारसं काही दिसत नव्हतं. देवलांनी नुसतं जोडपं बदललं नाही, प्रेक्षक बदलला. पुढे १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला, तो हरविलास सारडांच्या नावाने. मराठी माणसाने त्याचा उच्चार ‘शारदा कायदा’ असा करून तो नाटकाशी जोडून टाकला. ही जोड सर्वस्वी चुकीची, आणि इतकी बेजोड की तिला दुरुस्त करावंसं वाटत नाही.

तिसरा आक्षेप जंगलप्रेमींचा. जंगलात पडलेलं वेफरचं पाकीट विजोड नाही का? मला वाटतं, खरी अडचण ते पाकीट जंगलाशी फार लवकर जुळतं ही आहे. मिठाचा वास येतो, वानर ते उचलतं, हरीण ते चघळतं, पोटात घेतं. विजोड असतं तर कुणी तोंड लावलं नसतं आणि कुणी मेलंही नसतं. हाच घोटाळा रस्त्याबाबत होतो. नागझिरा आणि नवेगाव हे एकाच व्याघ्रप्रकल्पाचे दोन भाग, आणि त्यांच्या मधून नागपूर-रायपूर महामार्ग जातो. विकास आणि जंगल विसंगत आहेत असं भाषणात म्हणतात. शब्दाचा धागा उसवून पाहा. संगत म्हणजे एकत्र गेलेलं, विसंगत म्हणजे एकत्र न जाणारं. ट्रक आणि बिबट्या विसंगत असते तर प्रश्नच मिटला होता. दोघांना रात्री एकाच वेळी एकाच जागेवरून जायचं असतं, ही त्यांची संगतच जिवावर उठते. वनखातं इथे जो शब्द वापरतं तो जास्त नेमका आहे. मानव-वन्यजीव संघर्ष. संघर्ष म्हणजे एकमेकांवर घासणं. आणि घासायला आधी जवळ असावं लागतं. जे एकमेकांशी जुळत नाहीत ते भांडत नाहीत, भांडतात ते एकाच गोष्टीवर हक्क सांगणारे. वाटणीच्या दाव्यात सख्खे भाऊ दिसतात, परके दिसत नाहीत, हे तालुक्याच्या कोणत्याही कोर्टाच्या आवारात पाहून घ्यावं.

कागदावर विजोड दिसणारी नाती या जंगलाने किती सहज पचवली, त्याचा पुरावा मराठी पुस्तकांच्या कपाटात आहे. व्यंकटेश माडगूळकर माणदेशचे. तिथे सावलीला बसायचं तर झाड शोधावं लागतं. त्या माणसाने ‘नागझिरा’ नावाचं पुस्तक लिहिलं. मारुती चितमपल्ली सोलापूरचे. गिरण्यांच्या आणि उन्हाच्या त्या गावातून निघून ते वनाधिकारी झाले आणि नवेगावबांधच्या पाणपक्ष्यांत रमले. किरण पुरंदरे पुण्याचे. पुण्याचा माणूस चारशे दिवस जंगलात राहून मुख्यतः दुसऱ्यांचं ऐकून घेतो, ही घटना पक्षिशास्त्राइतकीच समाजशास्त्राच्याही अभ्यासाची आहे. त्यांचं ‘सखा नागझिरा’ त्यातून आलं. या तिघांच्या पत्रिका जंगलाशी जुळवून पाहिल्या असत्या तर किती गुण आले असते कोण जाणे. भाषेचंही तसंच. नागझिऱ्याभोवतीच्या झाडीपट्टीत जी झाडीबोली बोलतात तिच्यात ‘ण’ नाही आणि ‘ळ’ नाही. पाणी म्हणजे पानी आणि डोळा म्हणजे डोरा. प्रमाण मराठीच्या कानाला ते विजोड लागतं. साकोलीच्या हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा अभ्यास करून तिचा शब्दकोश केला, तेव्हा दिसलं की तिथल्या तोंडात तिथले उच्चार अगदी चपखल आहेत आणि बाहेरून येणारा ‘ण’ हाच तिथे वरातीत शिरलेला अनोळखी पाहुणा आहे.

सवय झाली की हा शब्द किती गुपचूप काढता पाय घेतो, हे नागझिऱ्याच्याच एका वाघावरून कळतं. झाडीपट्टीतल्या या वाघाला कर्नाटकातल्या रामनगरच्या खडकांत चित्रित झालेल्या एका हिंदी सिनेमातल्या पात्राचं नाव मिळालं, जय. भाऊ अर्थातच वीरू. इतकं विजोड बारसं दुसरं नसेल, आणि ते कुणालाही खटकलं नाही, कारण ‘शोले’ पाहिलेल्या देशात जय-वीरू म्हणजे जोडीचं दुसरं नाव आहे. मग २०१३ साली जय जोड सोडून निघाला, गावं, शेतं, रस्ते ओलांडत उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलात पोचला आणि तिथे त्याचं एवढं नाव झालं की लोक त्याला पाहायला म्हणून येऊ लागले. जोडीदाराला मागे टाकून आलेला म्हणून विजोड आणि तोडीचा दुसरा नाही म्हणून बेजोड, असे दोन्ही भाऊ एकाच वाघाच्या अंगावर येऊन बसले. २०१६ नंतर तो कुणाला दिसला नाही.

जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने नागझिऱ्याचा गाभा पर्यटकांसाठी बंद असतो. चोरखमारा, पिटेझरी, मंगेझरी या फाटकांतून एकही सफारीची गाडी आत जात नाही. आत गवे असतात, वाघ असतात, रानकुत्रे, चितळ, नाग, मुंगूस, वरच्या मजल्यावरची वानरं, सगळे. विजोड मात्र तिथे त्या काळात काहीही नसतं. ते ऑक्टोबरात, पहिल्या गाडीबरोबर, परत येतं.